विंडोज ११चा सर्च: हद्द नीट आखून दिली तर कामाचा

विंडोज ११चा सर्च काही शोधून देत नाही, ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. तक्रार खरी आहे, पण खोट बहुतेक वेळा शोधणाऱ्यात नसते, त्याला आखून दिलेल्या हद्दीत असते. नवा लॅपटॉप सुरू केला की सर्च 'क्लासिक' पद्धतीवर असतो. म्हणजे डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक आणि डेस्कटॉप एवढंच तो आधी वाचून ठेवतो. आपल्याकडे मात्र सी ड्राइव्ह भरू नये म्हणून कामाच्या सगळ्या फायली डी ड्राइव्हवर ठेवायची सवय जुनी आहे. तो डी ड्राइव्ह हद्दीबाहेर. मग स्टार्टमध्ये नाव टाइप केलं तर फाइल दिसत नाही. एक्सप्लोररमध्ये शोधलं तर शोधाची पट्टी रेंगाळत राहते आणि तिथेही फक्त फाइलचं नाव तपासलं जातं, आतला मजकूर नाही.

डबाबंद अवस्थेत या सर्चला पाचपैकी दोन गुण. खाली दिलेल्या गोष्टी करून घेतल्या तर चार द्यायला हरकत नाही. पाचवा गुण का नाही, तेही पुढे येईल.

हद्द आखणं

सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग सर्चिंग विंडोज. काही संगणकांवर सर्चची दोन पानं एकत्र होऊन आता नुसतं 'सर्च' असं एकच पान दिसतं. इथे क्लासिक आणि एनहान्स्ड असे दोन पर्याय आहेत. एनहान्स्ड निवडलं की सगळा संगणक इंडेक्समध्ये, म्हणजे सर्चने आधी वाचून बनवलेल्या नोंदींच्या यादीत जातो, म्हणून बहुतेक मार्गदर्शनांत तेच सुचवलेलं असतं. ते आंधळेपणाने करू नये. मायक्रोसॉफ्टच्याच माहितीनुसार इंडेक्समध्ये ४ लाखांच्या वर नोंदी गेल्या की वेग घसरू शकतो आणि १० लाखांच्या आसपास क्षमताच संपते. सर्वसाधारण घरगुती वापरात नोंदी ३० हजारांच्या आत राहतात. पण प्रोग्रॅमिंग करणाऱ्याच्या संगणकावर एकटं 'नोड मॉड्यूल्स' फोल्डर हजारो फायलींची भर घालतं. गिटसारखी काही फोल्डरं विंडोज स्वतःहून वगळतो, नोड मॉड्यूल्स मात्र वगळत नाही.

त्यापेक्षा क्लासिकच ठेवावं आणि त्याखालच्या 'कस्टमाइझ सर्च लोकेशन्स' या दुव्यावरून इंडेक्सिंग ऑप्शन्सची जुनी खिडकी उघडावी. मॉडिफाय दाबलं की वर ड्राइव्हचं झाड आणि खाली निवडलेल्या जागांची यादी दिसते. डी ड्राइव्हवर सरसकट टिक करू नका. ड्राइव्ह उलगडून कामाच्या फोल्डरांवर एकेक टिक करा: हिशोब, पत्रव्यवहार, मुलांची कागदपत्रं, जे असेल ते. व्हर्च्युअल मशीन, बॅकअप, गेम आणि सिनेमे बाहेर राहू द्या. डाउनलोड्स फोल्डर यादीत आहे ना, तेही इथेच पाहून घ्या. व्हॉट्सअ‍ॅप वेबवरून उतरवलेल्या पावत्या आणि पीडीएफ तिथेच पडून असतात.

ओके दाबल्यावर खिडकीच्या वरच्या भागात नोंदींचा आकडा वाढताना दिसतो. आपण काम करत असलो की इंडेक्सिंग मुद्दाम मंदावतं आणि बॅटरी सेव्हर चालू असेल तर थांबतंच. म्हणून पहिल्यांदा रात्री चार्जर लावून, स्लीप बंद करून संगणक चालू ठेवावा. दिवसभर कामात असलेल्या लॅपटॉपवर हेच काम आठवडाभर रखडतं आणि तोवर सर्च अर्धवट उत्तरं देत राहतो. बरेच लोक याच टप्प्यावर कंटाळून सोडून देतात.

मजकूर वाचला जातोय का

हद्दीत फोल्डर घेतलं म्हणजे फाइलच्या आतला मजकूरही वाचला गेला, असं नाही. त्याच खिडकीत अ‍ॅडव्हान्स्ड, मग फाइल टाइप्स. इथे प्रत्येक एक्स्टेन्शनसमोर (फाइलच्या नावात शेवटच्या टिंबानंतर येणारी अक्षरं) दोन पर्याय असतात: फक्त प्रॉपर्टीज, किंवा प्रॉपर्टीज आणि मजकूर. वर्ड, एक्सेल, पीडीएफ आणि साध्या टेक्स्ट फायलींना दुसरा पर्याय आधीच लावलेला असतो. मार्कडाउन, सबटायटल, लॉग अशा फायलींचं एक्स्टेन्शन यादीत नसेल तर खालच्या चौकटीत लिहून अ‍ॅड करावं आणि दुसरा पर्याय निवडावा. समोर 'प्लेन टेक्स्ट फिल्टर' असं दिसलं की काम झालं.

पीडीएफच्या ओळीकडे नीट बघा. समोर 'रजिस्टर्ड आयफिल्टर इज नॉट फाउंड' असं असेल तर एकाही पीडीएफचा मजकूर सापडणार नाही. विंडोजकडे पीडीएफ वाचायचा स्वतःचा फिल्टर असतो, पण एखादं पीडीएफ सॉफ्टवेअर टाकताना त्या जागी आपला फिल्टर बसवतं आणि काढून टाकताना जागा रिकामीच सोडून जातं. ते सॉफ्टवेअर परत टाकून किंवा रिपेअर करून ही अडचण सुटते.

दुसरी अडचण फारशा कुणाच्या लक्षात येत नाही. एक्सप्लोररमध्ये डी ड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. तळाशी एक चौकोन असतो: या ड्राइव्हवरच्या फायलींचा मजकूरही इंडेक्स करू द्या, अशा अर्थाचा. 'एसएसडीचं आयुष्य वाढवा' छापाच्या सल्ल्यांत आणि संगणक वेगवान करून देणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरांत ही टिक सर्रास काढली जाते. ती काढलेली असली की इंडेक्सिंग ऑप्शन्समध्ये सगळं बरोबर दिसतं, फाइलचं नाव सापडतं, मजकूर मात्र कधीच सापडत नाही. टिक परत करा, 'सब-फोल्डर आणि फायलींनाही लागू करा' निवडा. वाटेत एखादी फाइल वापरात असल्याची चूक दिसेल, तिथे इग्नोर ऑल. एकेका फोल्डरसाठी हीच सोय प्रॉपर्टीजमधल्या अ‍ॅडव्हान्स्ड बटणाआड आहे.

पासवर्ड घातलेल्या एक्सेल आणि पीडीएफ फायलींचा मजकूर वाचला जात नाही, ते योग्यच आहे. वनड्राइव्हवर 'फक्त ऑनलाइन' ठेवलेल्या, म्हणजे ढगाचं चिन्ह असलेल्या फायलींचं नाव सापडतं, मजकूर नाही. तो हवा असेल तर फोल्डरवर राइट क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' करावं लागतं. तेवढी जागा डिस्कवर हवी. शिवाय इंडेक्स स्वतः मूळ मजकुराच्या सहसा १० टक्क्यांहून कमी जागा घेतो, बारीक बारीक फायली भरपूर असतील तर त्याहून जास्त.

मराठी मजकुराचं काय

या सर्चबद्दल मराठीत लिहायचं तर हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा. युनिकोडमधला, म्हणजे सगळीकडे सारख्याच चालणाऱ्या अक्षर-क्रमांकांत साठवलेला मराठी मजकूर विंडोजचा सर्च व्यवस्थित शोधतो, फाइलच्या नावात असो वा आत. पण आपल्याकडच्या छापखान्यांत, शाळांत आणि कचेऱ्यांत वर्षानुवर्षं श्रीलिपी, आकृती यांसारख्या फॉन्टांत काम झालं. त्या फायलींत पडद्यावर 'महाराष्ट्र' दिसत असलं तरी आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. सर्चला ती चिन्हंच दिसतात. इंडेक्स कितीही वेळा नव्याने बांधला तरी तिथे काही सापडणार नाही. मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणणं हाच उपाय.

पीडीएफची परीक्षा सोपी आहे. फाइल उघडा, एक ओळ निवडून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. जे उमटेल तेच सर्चला दिसतं. काहीच उमटलं नाही तर ते स्कॅन, म्हणजे नुसतं चित्र. अगम्य चिन्हं उमटली तर जुना फॉन्ट. आणि पुष्कळदा तिसरा प्रकार दिसतो: मजकूर युनिकोड आहे, पण पहिली वेलांटी भलत्याच अक्षरापुढे गेलेली, रफार सुटलेला, जोडाक्षर मोडलेलं. अशा फाइलमध्ये 'निर्णय' सापडणार नाही, पण ज्यात रफार नाही, वेलांटी नाही, जोडाक्षर नाही असा साधा शब्द सापडू शकतो. 'शासन' टाकून बघा.

शासन निर्णयांच्या पीडीएफचं उदाहरण घ्या. संकेतस्थळावरून उतरवल्या की फाइलचं नाव म्हणजे लांबलचक आकडी संकेतांक. शंभर निर्णय एका फोल्डरात जमले की नावावरून काहीच कळत नाही. त्यातले काही स्कॅन केलेले, म्हणजे मजकुरावरूनही सापडत नाहीत. इथे सर्चच्या मागे लागू नये. उतरवतानाच नावात तारीख आणि विषय घालावा: आधी वर्ष-महिना-दिवस, मग विभाग, मग दोन-तीन शब्दांत विषय. संकेतांक शेवटी राहू द्यावा, कारण पत्रव्यवहारात तोच विचारतात.

आता एक बारीक गोष्ट. 'अ‍ॅडमिशन' या शब्दाचं पहिलं अक्षर दोन तऱ्हांनी टाइप होतं: 'ॲ' हे एकच अक्षर, किंवा 'अ' आणि त्यावर अर्धचंद्र अशी दोन. डोळ्यांना दोन्ही सारखीच, पण युनिकोडमध्ये त्यांचे क्रमांक वेगळे आणि एकाचं दुसऱ्यात आपोआप रूपांतर होत नाही. 'पुऱ्या', 'दऱ्या' यांतल्या अर्ध्या र-चंही तसंच: कुठे तो 'ऱ' पासून बनलेला असतो, कुठे साध्या 'र' आणि अदृश्य जोडचिन्हापासून. मोबाइलवर एक कीबोर्ड, कचेरीत दुसरा, असं असलं की एकाच फोल्डरात दोन्ही रूपं जमतात आणि एका रूपाने शोधल्यावर दुसरं सापडेलच याचा भरवसा राहत नाही. फायलींची नावं देताना असं अक्षर पहिल्या शब्दात शक्यतो टाळावं, आणि घरात-कचेरीत सगळ्यांनी एकच कीबोर्ड ठरवावा. विंडोजमध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड २०१९ पासून आहे, वेगळं काही टाकायला लागत नाही.

एक गोष्ट मात्र मराठीच्या पथ्यावर पडते. हा सर्च शब्दाच्या सुरुवातीपासून जुळवतो आणि आपल्या विभक्ती शेवटी लागतात. 'शाळा' असं पूर्ण टाकलं तर 'शाळेचा' निसटतो. 'शाळ' एवढंच टाकलं तर शाळा, शाळेत, शाळांना सगळं मिळतं. 'निवडण' टाकलं की निवडणूकही येते आणि निवडणुकीतही. शब्दाचा न बदलणारा पुढचा भाग तेवढा टाइप करायचा. नावाच्या मधला तुकडा हवा असेल तर दोन्ही बाजूंना तारा लावायचा, जसं *पत्रक*.

शोधताना काय लिहायचं

एक्सप्लोररच्या चौकटीत काही इंग्रजी शब्द आणि कोलन वापरून शोध अरुंद करता येतो. इथे ते देवनागरीत लिहिले आहेत, टाइप मात्र इंग्रजीत करायचे. 'नेम:' पुढे लिहिलेलं फक्त नावात शोधलं जातं, 'कंटेंट:' पुढचं फक्त मजकुरात. 'ई-एक्स-टी' या तीन अक्षरांपुढे कोलन आणि पीडीएफ लिहिलं की फक्त पीडीएफ. 'साइज:' पुढे मोठेपणाचं चिन्ह आणि १०० एमबी लिहिलं की डिस्क खाणाऱ्या फायली समोर येतात. ऑर आणि नॉट कॅपिटल अक्षरांतच लिहावे लागतात, नाहीतर सर्च त्यांना साधे शब्द समजतो.

आर्थिक वर्षाच्या फायली काढायला तारखेचा टप्पा फार उपयोगी आहे. 'डेटमॉडिफाइड:' हा एकसलग शब्द, त्यापुढे १/४/२०२४, दोन टिंबं, ३१/३/२०२५. मध्ये जागा सोडायची नाही, आकडे इंग्रजी. याला 'बिल' किंवा 'पावती' हा शब्द जोडला की रिटर्न भरायच्या वेळी लागणारे कागद एका यादीत येतात. पण तारीख संगणकाच्या रीजन सेटिंगप्रमाणे वाचली जाते. अमेरिकी रीजन ठेवलेल्या संगणकावर १/४ म्हणजे ४ जानेवारी आणि ३१/३ अशी तारीखच नसते, त्यामुळे यादी रिकामी किंवा भलतीच येते. रीजन भारत करून घ्या, सगळं जागेवर येतं.

इंटरनेटचे निकाल बंद करणं

स्टार्टमध्ये स्वतःची फाइल शोधावी आणि वर बिंगचे निकाल यावेत, हा या सर्चचा सगळ्यात त्रासदायक भाग. आणि ते बंद करायला सेटिंग्जमध्ये सरळ बटण नाही, याचे गुण कापलेच पाहिजेत. युरोपीय आर्थिक क्षेत्रात डिजिटल मार्केट्स कायद्यामुळे २०२४ पासून हे निकाल काढून टाकायची सोय द्यावी लागली. जर्मनीत किंवा आयर्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला ती मिळते, पुण्या-मुंबईत नाही.

चौकटीत रोज बदलणारं चित्र आणि दिनविशेष मात्र सेटिंग्जमधून जातं: त्याच सर्चच्या पानावर 'शो सर्च हायलाइट्स' बंद करा.

बिंगसाठी होम आवृत्तीत रजिस्ट्री एडिटर, म्हणजे विंडोजच्या आतल्या नोंदी बदलायचं साधन लागतं. आधी फाइल मेनूतून एक्स्पोर्ट करून ठेवा. मग करंट यूजर, सॉफ्टवेअर, पॉलिसीज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज या क्रमाने आत जा. तिथे 'एक्सप्लोरर' नावाची 'की' (रजिस्ट्रीतलं फोल्डर) नसेल तर नवी करा. तिच्यात ३२ बिटची डीवर्ड नोंद: नाव 'डिसेबल सर्च बॉक्स सजेशन्स', चारही शब्द जागा न सोडता सलग, किंमत १. साइन आउट करून परत आलात की निकाल फक्त संगणकातले. प्रो आवृत्तीत ग्रुप पॉलिसीतून हेच होतं: यूजर कॉन्फिगरेशन, अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, विंडोज कंपोनंट्स, फाइल एक्सप्लोरर, आणि तिथे एक्सप्लोररच्या चौकटीतले अलीकडचे शोध दाखवणं बंद करणारी पॉलिसी एनेबल करायची. त्या वर्णनातच याची किंमतही आहे: एक्सप्लोररमध्ये मागच्या शोधांची यादी दिसणं बंद होतं. सौदा परवडणारा आहे. विंडोज १०च्या काळात 'बिंग सर्च एनेबल्ड' नावाची दुसरी नोंद सांगितली जायची. विंडोज ११मध्ये तिच्यावर विसंबू नये.

बिघडला तर

आधी सर्व्हिसेसमध्ये 'विंडोज सर्च' चालू आहे का बघा. स्टार्टअप प्रकार ऑटोमॅटिक, डिलेड स्टार्ट असा हवा. संगणक 'हलका' करणाऱ्या स्क्रिप्ट ही सर्व्हिसच बंद करून ठेवतात. ती चालू असूनही निकाल चुकत असतील, पुसलेल्या फायली दिसत असतील, तर अ‍ॅडव्हान्स्डमधलं रीबिल्ड. पण हे शेवटचं हत्यार आहे. रीबिल्ड म्हणजे सगळं पुसून पहिल्यापासून वाचन, आणि ते संपेपर्यंत सर्च आधीपेक्षा वाईट वागतो. एका दिवसात दोनदा रीबिल्ड दाबणारा पहिलं काम संपू देत नाही.

डिस्कवरची जागा इंडेक्सने खाल्ली असेल तर आधी हद्द कमी करा, मग रीबिल्ड. विंडोज १०मध्ये हा साठा 'ईडीबी' फाइलमध्ये असतो आणि ती आवळायची वेगळी आज्ञा आहे. विंडोज ११ने साठ्याचा प्रकार बदलला, त्यामुळे त्या जुन्या आज्ञा इथे लागू नाहीत. सी ड्राइव्ह फारच लहान असेल तर अ‍ॅडव्हान्स्डमध्येच इंडेक्सची जागा बदलता येते, पण ती फिरत्या हार्ड डिस्कवर नेऊ नका. वेगाचा सगळा फायदा तिथे जातो.

याऐवजी दुसरं काही?

ज्याला फक्त नावावरून फाइल हवी असते, त्याने व्हॉइडटूल्सचं 'एव्हरीथिंग' घ्यावं. फुकट आहे. ते एनटीएफएस (विंडोजच्या डिस्कची नेहमीची रचना) ड्राइव्हची मुख्य नोंदवही थेट वाचतं, म्हणून लाखो नावं टाइप करता करता गाळून देतं, आणि शब्दाच्या मधला तुकडाही चालतो. तारा लावायची गरज नाही. या एका बाबतीत विंडोजचा सर्च त्याच्या जवळपासही येत नाही, आणि पाचवा गुण इथे गेला. मात्र मजकूर शोधायचा तर एव्हरीथिंग सहसा आधी वाचून ठेवत नाही, प्रत्येक वेळी फायली उघडून बघतं. पेन ड्राइव्ह बहुधा एनटीएफएस नसतात, तिथे त्याचा तो वेगही मिळत नाही. दोन्ही एकत्र ठेवायला काहीच अडचण नाही: नावासाठी एक, मजकुरासाठी दुसरा.

एआयसाठी खास चिप असलेल्या 'कोपायलट प्लस' लॅपटॉपांवर वाक्यात वर्णन करून फोटो आणि कागद शोधायची नवी सोय आली आहे. ती इंग्रजी, चिनी, फ्रेंच, जर्मन, जपानी आणि स्पॅनिश या भाषांसाठी तयार केलेली आहे. मराठी कागदपत्रांसाठी म्हणून तो महाग लॅपटॉप घेऊ नका.

कचेरीत फायली एनएएसवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या साठवणीच्या पेटीत असतील तर वरचं काहीच तिथे लागू होत नाही. विंडोज नेटवर्क ड्राइव्ह सहसा इंडेक्स करत नाही. त्या पेटीत स्वतःची शोधसोय असेल तर तीच वापरावी. आणि विंडोजचं वर्षातलं मोठं अपडेट झालं की तीन जागा तपासून घ्या: इंडेक्सिंग ऑप्शन्समधली फोल्डरांची यादी, पीडीएफसमोरचा फिल्टर आणि रजिस्ट्रीतली ती एक नोंद.